याकुशिमाचा पाइन आणि त्याचे दोन वैरी

ज्यांच्या परसात आंब्याचे जुने झाड आहे, त्यांना भिरूड म्हणजे काय हे समजावून सांगण्याचे कारण नाही. खोडाला भोक पडते, त्यातून भुसा बाहेर येऊ लागतो, आणि आत कोठेतरी एक जाड, पांढरट अळी महिनोन्‌महिने लाकूड पोखरीत बसलेली असते. जाणता माळी तारेचा आकडा भोकात घालून तिला ओढून काढतो, किंवा औषधात भिजविलेला कापसाचा बोळा आत सारून वरून चिखलाने तोंड लिंपून टाकतो. वेळीच एवढे केले म्हणजे झाड बहुधा वाचते. शत्रू एकच असतो, तो डोळ्यांना दिसतो आणि त्याच्यावर हात चालविता येतो.

आंब्याच्या या भिरूडाच्या कुळातलाच, म्हणजे लांब शिंगांच्या भुंगेऱ्यांच्या कुळातला, एक कीटक जपानात राहतो. आकाराने तो भिरूडापेक्षा पुष्कळच लहान, दोन-अडीच सेंटिमीटर लांबीचा, तपकिरी रंगाचा. नराच्या शृंगिका मात्र त्याच्या शरीराच्या दुपटीहून लांब असतात. तो पाइन वृक्षावर जगतो. आपल्या हिमालयातील चीड हा पाइनच. संस्कृत कवींनी ज्याला सरल म्हटले तोही हाच. जपानी माणसाच्या मनात पाइनला जे स्थान आहे ते आपल्याकडे वडा-पिंपळाला आहे असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. देवळाच्या अंगणात, समुद्राच्या काठी, चित्राच्या पडद्यावर, नव्या वर्षाच्या दाराशी, सर्वत्र त्याची उपस्थिती असते. परंतु आज ज्या पाइनची हकीकत सांगावयाची आहे तो हा सर्वत्र आढळणारा पाइन नव्हे. तो जगाच्या पाठीवर दोनच बेटांवर उगवतो, आणि तेथेही आता थोडाच उरला आहे.

क्यूशू बेटाच्या दक्षिण टोकापलीकडे समुद्रात ही दोन बेटे शेजारी-शेजारी आहेत. एकाचे नाव तानेगाशिमा, दुसऱ्याचे याकुशिमा. तानेगाशिमाचे नाव इतिहासाच्या पुस्तकांतून पुष्कळांनी वाचले असेल. १५४३ साली पोर्तुगीज प्रथम जपानात पोहोचले ते या बेटावर, आणि त्यांच्याजवळच्या बंदुका पाहून जपानी लोकांनी तशाच बंदुका घडविल्या; पुढे कित्येक वर्षे बंदुकीलाच जपानीत ‘तानेगाशिमा’ म्हणत. त्यानंतर सहा वर्षांनी, १५४९ साली, गोव्याहून निघालेले सेंट फ्रान्सिस झेवियर ज्या कागोशिमा बंदरात उतरले, त्याच कागोशिमा प्रांतात आज ही दोन्ही बेटे मोडतात. अलीकडच्या पिढीला तानेगाशिमा माहीत आहे ते तेथून सुटणाऱ्या अग्निबाणांमुळे.

दोन बेटे शेजारी असली तरी स्वभावाने अगदी निराळी. तानेगाशिमा लांबट आणि सखल. त्याचा सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून ३०० मीटरदेखील भरत नाही. याकुशिमा हा मात्र समुद्रातून वर उठलेला ग्रॅनाइटचा पहाडच आहे. त्याचे मियानोउरा शिखर १९३६ मीटर उंच आहे. पाऊस असा की किनाऱ्यावरसुद्धा वर्षाला ४००० मिलिमीटरांच्या वर पडतो. डोंगरात त्याच्या दुपटीपर्यंत जातो. आंबोलीच्या पावसाची ज्यांना सवय आहे त्यांनाच याची थोडीफार कल्पना येईल. तेथील हजारो वर्षांच्या सुगी वृक्षांमुळे याकुशिमाच्या एका भागाला १९९३ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. प्रवासी जातात ते त्या सुगी वृक्षांना पाहण्यासाठी. उन्हातान्हात खडकाच्या कडेवर उभा असलेला पाइन पाहण्यासाठी मुद्दाम कोणी जात असेल असे वाटत नाही.

या पाइनला तेथील लोक ‘याकुतानेगोयो’ म्हणतात. याकु आणि ताने ही दोन बेटांची नावे, आणि गोयो म्हणजे पाच पाने. किनाऱ्यावर आढळणाऱ्या काळ्या पाइनच्या सुया दोन-दोनांच्या जुडीत असतात; याच्या पाच-पाचांच्या. झाड पंचवीस-तीस मीटर उंच जाते, आणि वाढू दिले तर खोडही चांगले रुंद होते. तेच त्याच्या मुळावर आले. तानेगाशिमाचे कोळी याच्या एका सबंध खोडातून होडी कोरीत. राळेने भरलेले हे लाकूड खाऱ्या पाण्याला दाद देत नाही, आणि एका खोडाची होडी म्हणजे सांधा नाही व गळतीही नाही. घरबांधणीलाही हेच लाकूड गेले. अशा रीतीने तानेगाशिमावरील मोठमोठी झाडे माणसाच्या हातूनच संपली; उरली ती ओढ्यांच्या उतारावर आणि टेकड्यांच्या कडांवर, एक येथे तर एक तेथे. आज तानेगाशिमावर यांची संख्या काही शेकड्यांत आहे. याकुशिमावर, कुऱ्हाड सहज पोहोचत नाही अशा खड्या सोंडांवर, हजार-दोन हजार झाडे असावीत. सारे जग धुंडाळले तरी नैसर्गिकरीत्या उगवलेले याकुतानेगोयो एवढेच.

आता त्या भुंगेऱ्याकडे वळू. तो जपानचा जुना रहिवासी आहे. शतकानुशतके तो पाइनच्या वनात राहत आला, परंतु त्याने वन संपविले असे कधी झाले नव्हते. कारण निरोगी पाइनच्या खोडात त्याची डाळ शिजत नाही. साल चावून त्याने आत अंडे घातलेच, तर झाड जखमेतून राळ सोडते आणि अंडे व अळी त्या चिकट राळेत बुडून मरते. वादळाने उन्मळलेले, वणव्याने होरपळलेले, म्हातारे झालेले झाड, जेथे राळेचा झरा आटला आहे, तेथेच त्याचा संसार होऊ शकतो. म्हणजे वनातील मृतांची विल्हेवाट लावणे हे त्याचे काम. गिधाडाला आपण मारेकरी म्हणत नाही, तसेच यालाही म्हणण्याचे कारण नव्हते.

१९०५ साली नागासाकी शहराच्या परिसरात पाइन वाळू लागले. वाळण्याची रीत चमत्कारिक होती. वसंतात हिरवेगार असलेले झाड उन्हाळ्याच्या शेवटी पिवळे पडे आणि शरद ऋतूत त्याच्या साऱ्या सुया विटकरी लाल होत. दुसऱ्या वर्षी शेजारचे, तिसऱ्या वर्षी त्याच्या पलीकडचे. मेलेले झाड फोडले की आत भुंगेऱ्यांच्या अळ्यांचे बोगदेच बोगदे. तेव्हा लोकांनी साहजिकच निष्कर्ष काढला की या अळ्यांनीच झाड खाल्ले; आणि त्यांनी त्या कीटकांना नाव दिले ‘मात्सुकुइमुशि’, म्हणजे पाइन खाणारे किडे. हे नाव साठ-सत्तर वर्षे चालले. सरकारी कागदपत्रांतही तेच नाव वापरले जाई.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वनांकडे पाहावयास कोणाला सवड नव्हती, आणि साथ बेसुमार वाढली. युद्धानंतर मेलेली झाडे तोडून जाळून टाकण्याची मोहीम निघाली व ती बरीच यशस्वीही झाली. तिच्या यशाचे एक कारण असे की त्या वेळी प्रत्येक घरात चुलीला सरपण लागत असे. वाळलेला पाइन रानात पडून राहण्याचा प्रश्नच नव्हता. तो हिवाळ्यातच चुलीत जाई आणि त्याच्या पोटातल्या अळ्याही त्याबरोबर जात. पुढे घरोघर तेल आणि गॅस आला. सरपणाला कोणी जाईनासे झाले, मेलेली झाडे उभीच्या उभी रानात राहू लागली, आणि साथीने पुन्हा डोके वर काढले. १९७९ या एका वर्षात जपानमध्ये २४ लाख घनमीटरांहून अधिक पाइनचे लाकूड या रोगाने मेले. गॅसची शेगडी आणि रानातला पाइन यांचा असा संबंध असेल हे कोणाच्या मनात तरी आले असेल काय?

मधल्या काळात काही चिकित्सक माणसांच्या मनात एक शंका घर करून होती. त्यांनी पाहिले की झाडाच्या सुया हिरव्या असतानाच, खोडात एकही अळी नसताना, राळेचा झरा आटलेला असतो. खोडाला लहानसे भोक पाडावे. निरोगी झाडाच्या भोकात राळ भरून येते, आणि काही झाडांच्या भोकात कोरड पडलेली असते. अळ्या येतात त्या त्यानंतर. मग आधी झाड आजारी कोण पाडते? क्यूशूतील वनसंशोधन केंद्रात तोकुशिगे आणि कियोहारा हे दोन शास्त्रज्ञ मेलेल्या पाइनचे लाकूड तपाशीत होते. त्यांना त्यात सूत्रकृमी आढळले. दोऱ्यासारखे, पारदर्शक, लांबीला जेमतेम एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. असे कृमी कुजणाऱ्या लाकडात सापडतातच. तेव्हा दुसरा कोणी असता तर त्याने तिकडे दुर्लक्ष केले असते. या दोघांनी ते कृमी वाढवून निरोगी झाडांत सोडले. झाडे मेली. १९७१ साली त्यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी या कृमींचे वाहन कोण हेही उलगडले. तो होता आपला लांब शिंगांचा भुंगेरा.

दोघांमधला हा व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. मेलेल्या पाइनच्या लाकडात हिवाळाभर भुंगेऱ्याची अळी आपल्या कोठडीत असते. वसंतात ती कोषात जाते, आणि त्या सुमारास भोवतालच्या लाकडातले सूत्रकृमी त्या कोठडीभोवती येऊन जमतात. कोषातून नवा भुंगेरा होताच ते त्याच्या श्वासरंध्रांतून आत, श्वासनलिकांमध्ये, शिरतात. एका भुंगेऱ्याच्या अंगात हजारो, क्वचित लाखाच्याही वर कृमी असतात. मे ते जुलैच्या दरम्यान भुंगेरा लाकडाला वाटोळे भोक पाडून बाहेर उडतो. त्याला लगेच अंडी घालता येत नाहीत. आधी काही आठवडे खाऊन बळ घ्यावे लागते. यासाठी तो निरोगी पाइनच्या कोवळ्या डहाळ्यांची साल खातो. या खाण्याने झाडाचे काही बिघडत नाही. परंतु चावलेल्या जागेतून सूत्रकृमी उतरतात आणि झाडाच्या राळेच्या वाहिन्यांत पसरतात. उन्हाळ्याच्या उबेत त्यांची एक पिढी चार-पाच दिवसांत पुरी होते. राळ थांबते, मुळांकडून वर चढणाऱ्या पाण्याचा प्रवाह तुटतो, झाड तहानेने मरते. आता हे राळ नसलेले, मरणाला टेकलेले झाड म्हणजे भुंगेऱ्याच्या मादीला हवी तशी जागा. ती तेथे अंडी घालते, अळ्या सालीखाली पोसतात, शरदात लाकडात उतरतात, आणि पुढच्या वसंतात पुन्हा तोच क्रम.

कृमीला पाय नाहीत, पंख नाहीत. एका झाडातून दुसऱ्यात तो आपणहून जाऊ शकत नाही. भुंगेऱ्याला निरोगी झाडात घर मिळत नाही. एकाने दुसऱ्याला वाहून न्यावे, दुसऱ्याने पहिल्यासाठी घर तयार करून द्यावे, असा हा करार आहे. एकटा भुंगेरा जपानात होता तोवर पाइन सुखरूप होता. मग हा कृमी आला कोठून? १९८१ साली याचेही उत्तर मिळाले. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात पाइनच्या लाकडात सापडलेल्या ज्या कृमीचे वर्णन १९३४ साली करून ठेवलेले होते, तोच हा. अमेरिकेतील पाइन त्याच्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, म्हणून ते त्याला सहसा बळी पडत नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी, बंदराला लागलेल्या कोणत्या तरी जहाजातील लाकडाबरोबर तो नागासाकीत उतरला असावा, असे मानतात. तेथे त्याला स्वार होण्यासाठी भुंगेरा तयारच होता.

क्यूशूतून हा रोग समुद्र ओलांडून तानेगाशिमावर गेला. तेथील किनाऱ्यावर वाऱ्याला आडोसा म्हणून काळ्या पाइनच्या रांगा आहेत. त्या वाळू लागल्या. त्यांच्याबरोबर ते मोजके याकुतानेगोयोही मरू लागले. आरंभी याबद्दल एकमत नव्हते. पाच सुयांचा हा पाइन या रोगाला तोंड देऊ शकतो असा काहींचा समज होता. चीनकडून वाऱ्याबरोबर येणारी दूषित हवा या झाडांना क्षीण करीत असावी, असाही तर्क करण्यात आला व त्यावर अभ्यासही झाला. तथापि मेलेल्या झाडांच्या लाकडाची पद्धतशीर तपासणी झाली, तेव्हा त्यात तो कृमी आणि तो भुंगेरा दोन्ही मिळाले. या शास्त्रज्ञांनी २००१ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. २००५ साली आणखी एक प्रयोग पुढे आला. त्यात पूर्ण वाढलेल्या याकुतानेगोयो वृक्षांत कृमी सोडण्यात आले होते. रानात उभी असलेली मोठी झाडेही या रोगाने मरतात याविषयी त्यानंतर शंका उरली नाही.

देशभर पसरलेल्या काळ्या पाइनची लाख झाडे गेली तरी वंश जात नाही. येथे मात्र एकेक झाड मोजावे लागते, आणि त्यातही एक गोम आहे. पाइनचे पराग वाऱ्यावर जातात. झाडे दाट असली तर एकाचे पराग दुसऱ्याच्या शंकूवर पडतात व सकस बी धरते. तानेगाशिमावर एक झाड एका टेकडीवर, तर दुसरे पार दुसऱ्या टेकडीवर. तेव्हा एकट्या झाडाच्या शंकूवर त्याचेच पराग पडतात, आणि अशा बियांपैकी बहुतेक पोकळ निघतात. वरून पाहावे तर शंकू लगडलेले. फोडून पाहावे तर आत काही नाही. म्हणून ज्या दिवशी दोन शेजारी झाडांपैकी एक मरते त्या दिवशी उरलेले झाड जिवंत असूनही जवळजवळ निपुत्रिक होते. ही हानी झाडांच्या मोजदादीत दिसत नाही. शिवाय सावलीत याची रोपे तग धरीत नाहीत. त्यांना उघडा खडक आणि ऊन लागते, आणि सदाहरित रान वाढून तशी जागाही कमी होत चालली आहे.

बेटांवरील सूचिपर्णी वृक्षांवर असा घाला अन्यत्रही पडलेला आहे. अटलांटिकमधील बर्म्युडा बेटांवर जगात अन्यत्र नसलेला एक देवदारासारखा वृक्ष आहे. १९४० नंतरच्या दशकात बाहेरून आलेल्या खवले किडींनी त्याची नव्वद टक्क्यांहून अधिक झाडे थोड्या वर्षांत मारली. ती कीड रस शोषणारी होती, लाकूड पोखरणारी नव्हती; परंतु परिणामात फरक पडला नाही. पाइनचा हा कृमी १९८२ साली चीनमध्ये, १९८८ साली कोरियात, आणि १९९९ साली युरोपात पोहोचला. युरोपात तो प्रथम आढळला पोर्तुगालमध्ये! साडेचारशे वर्षांपूर्वी तानेगाशिमावर ज्यांची माणसे बंदुका घेऊन उतरली होती, त्यांच्याच देशात. तेथून पुढे तो मदेरा बेटावरही गेला. पोर्तुगालमध्ये त्याला वाहून नेणारा भुंगेरा मात्र तेथलाच, जपानी भुंगेऱ्याचा युरोपीय भाऊ. पाहुणा जाईल तेथे त्याला घोडा मिळतो.

याच भीतीमुळे २००२ साली राष्ट्रांनी एक नियम मान्य केला. परदेशी जाणाऱ्या मालाची लाकडी खोकी व फळ्या अशा तापवावयाच्या की लाकडाच्या गाभ्यातही ५६ अंश सेल्सिअस उष्णता ३० मिनिटे टिकली पाहिजे, किंवा त्यांना मान्य औषधाची धुरी द्यावयाची. मुरगाव किंवा मुंबईच्या बंदरात उतरलेल्या खोक्यावर गव्हाच्या लोंबीची खूण असलेला जो शिक्का दिसतो, तो याच नियमाचा. हमालापासून व्यापाऱ्यापर्यंत पुष्कळांनी तो पाहिलेला असतो. आपल्या हिमालयातही चिडाची अफाट वने आहेत, तेव्हा त्या शिक्क्याकडे निव्वळ कागदी उपचार म्हणून पाहणे बरे नव्हे.

दोन्ही बेटांवर आता काय चालले आहे? उपाय तीन आहेत, आणि तिन्ही कष्टाचे. खोडाला बारीक भोके पाडून त्यात कृमिनाशक औषध सोडले की काही वर्षे झाड सुरक्षित राहते. परंतु औषधाचे ओझे पाठीवर घेऊन त्या कड्यांवर माणसाला चढावे लागते, आणि मुदत संपली की पुन्हा जावे लागते. दुसरा उपाय कलमांचा. निरनिराळ्या झाडांच्या डहाळ्या आणून त्यांची कलमे बांधली, आणि ती एकत्र लावली, म्हणजे जी झाडे रानात एकमेकांपासून मैलोगणती दूर आहेत त्यांचे पराग बागेत एकमेकांना मिळतात व बी भरते. हा उपाय मोठा समजूतदारपणाचा वाटतो.

तिसरा उपाय दिसायला सर्वांत साधा आणि करायला सर्वांत अवघड आहे. दुर्मीळ झाडाला वाचवायचे तर त्याच्या आसपासचे मेलेले सामान्य काळे पाइन हलवावे लागतात, कारण पुढच्या वर्षीचे भुंगेरे त्यांच्याच पोटात वाढत असतात. म्हणजे जे काम एकेकाळी घरची चूल कोणी न सांगता करीत असे, ते आता मुद्दाम माणसे लावून करावे लागते. दोन्ही बेटांवर गावकऱ्यांनी आणि अभ्यासकांनी मंडळे स्थापिली आहेत. ही माणसे याकुतानेगोयोच्या एकेका झाडाची नोंद ठेवतात. शरदात समोरच्या सोंडेवर दुर्बीण लावून हिरव्या रानात एखादा लाल शेंडा दिसतो काय ते पाहायचे. दिसलाच, तर तेथवर वाट काढायची, झाड पाडायचे, खोडाचे तुकडे करायचे, आणि ते जाळायचे किंवा औषध घालून झाकून ठेवायचे. या साऱ्याला मुदत हिवाळ्याची. मे उजाडला, की लाकडाला वाटोळी भोके पडू लागतात.